काचखोलीचा ताबा

पोर रांगायला लागलं की बाईला टेबलांचे कोपरे दिसायला लागतात. त्याआधी जगात कोपरे नसतातच. मास्तरीणबाई हल्ली कुठल्याही खोलीत शिरली की आधी कोपरे बघायची, मग खिडक्यांच्या कड्या, मग जमिनीवर पडलेलं काहीबाही आणि सगळ्यात शेवटी माणसं.

म्हणूनच थेटरच्या व्यवस्थापकाने मोठ्या कौतुकाने काचखोलीचं दार उघडलं, तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते काचेचं टेबल. बसकं, धारदार कोपऱ्यांचं, आणि कडेवरची ठमी उद्या धरून उभी राहील नेमक्या त्याच उंचीचं. मग दिसले मऊ सोफे. मग गालिचा. मग व्यवस्थापकाचे दात.

“कशी वाटते खोली?”

“इथे पाळणे होते ना?”

“होते की! गंजून गेलेले. भंगारात काढले.” त्याने सोफ्याच्या पाठीवर थाप मारली. “ही आता खास पाहुण्यांची खोली, मॅडम. बिस्किट कारखान्याचे मालक आहेत ना, सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या त्यांनी दिल्या. त्यांना कुठेतरी ऐसपैस बसवायला नको?”

थेटर कित्येक वर्षं बंद होतं. आता एक समिती नेमून त्याची डागडुजी झाली होती आणि पुढच्या रविवारी दुपारी नव्या नाटकाने ते उघडायचं होतं. मास्तरीणबाई कॉलेजात इतिहास शिकवायची, ठमी झाल्यापासून रजेवर होती. समितीने तिला थेटरचा इतिहास लिहायला सांगितला होता. प्रवेशद्वारापाशी भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लागणार होता.

“या खोलीवरही दोन ओळी लिहा,” व्यवस्थापक म्हणाला. “दाराबाहेर पितळी पाटी लावू. एकेकाळी इथे माता आपल्या तान्हुल्यांना ठेवून वगैरे. जरा हळवं होऊ द्या. लोकांना आवडतं. आणि हो, तुमच्या सासूबाईंना बोलवायचंय उद्घाटनाला. जुन्या कर्मचारी म्हणून सत्कार.”

मास्तरीणबाईने काचेपलीकडे पाहिलं. खाली सभागृह, समोर रंगमंच, आणि रंगमंचाच्या डाव्या बाजूला भिंतीवर एक लाकडी पेटी. पेटीला पांढरी काच. नवं पॉलिश लावून ती चकचकीत केली होती.

“ती नंबरपेटी चालते?”

“चालते म्हणजे काय! सगळी वायर नवी घातली. बटणं इथेच आहेत, बघा, भिंतीवर. जुन्या काळची शोभा म्हणून ठेवली. तुमच्या सासूबाईंच्या हस्ते एक बटण दाबायचं, पेटीत नंबर पेटेल, लोक टाळ्या वाजवतील. आणि भाषणं आटोपली की पाहुणे इथे वर येऊन बसतील.”

ठमीने व्यवस्थापकाचा चष्मा ओढला, तेवढंच काय ते उत्तर.

*

सासूबाई त्या खोलीत उभ्या आयुष्यातली निम्मी वर्षं बसल्या होत्या. सगळी वस्ती त्यांना काचवाली मावशी म्हणायची. त्यांचं काम एवढंच, की आयांनी आणलेली पोरं पाळण्यात निजवायची, प्रत्येक पाळण्याला एक नंबर, तोच नंबर आईच्या हातातल्या बिल्ल्यावर. आई खाली जाऊन सभागृहात बसायची, चारचौघींसारखी, मोकळ्या हातांनी. बाळ उठलं की काचवाली मावशी बटण दाबायची आणि खाली पेटीत नंबर पेटायचा. ज्या बाईचा नंबर ती उठायची, तिच्या ओळीतली माणसं न सांगता गुडघे आत घ्यायची, आणि ती वर जाऊन पोराला पाजून, निजवून परत यायची. येताना शेजारणीला विचारायची, “काय झालं मधे?” शेजारीण सांगायची. खेळ पुढे चालू.

“सत्कार करणार म्हणाला?” सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं. “करू दे. इतकी वर्षं दुसऱ्यांची दुपटी बदलली, एक फुलांचा गुच्छ काही जड नाही मला.”

“आई, पाळणे भंगारात दिले.”

सासूबाईंचा हात थांबला.

“सगळे?”

“सगळे. तिथे सोफे ठेवलेत. बिस्किटवाल्यासाठी.”

“आणि तू काय लिहिणार आहेस पाटीवर?”

“एकेकाळी इथे माता आपल्या...”

“एकेकाळी?” सासूबाईंनी देठ असा मोडला की मास्तरीणबाई दचकली. “का गं? बायकांना पोरं व्हायची बंद झाली? तू ही मांडीवर घेऊन बसलीस ती काय वाण्याकडून आणलीस?”

मास्तरीणबाईला हसू आलं, पण अर्धंच. ठमी झाल्यापासून ती कुठे गेली नव्हती. नाटक नाही, सिनेमा नाही, मैत्रिणीकडे सुद्धा नाही. नवरा म्हणायचा, जा की, आई आहे ना. सासूबाई म्हणायच्या, शंभर पोरं सांभाळली मी, तुझी एक काही मला जड नाही. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की तिच्या डोळ्यांपुढे कोपरे यायचे. जिथून मुलगी दिसते आणि मुलीची हाक आली तर कळते, असं एकच ठिकाण तिला माहीत होतं, आणि तिथे आता बिस्किटवाला पाय पसरून बसणार होता.

“थेटरचा जुना मालक कसा देवमाणूस होता,” सासूबाई उसासा टाकून म्हणाल्या. “बायकांची दया येऊन स्वतःच्या खिशातून खोली बांधली त्याने. थेटरातले लोक आम्हाला दरवर्षी सांगायचे. आणि हे बघ, आयत्या बिळावर नागोबा.”

*

दयेची ही गोष्ट मास्तरीणबाईला पटेना. इतिहास शिकवणारीची एक खोड असते, कुणी कुणावर दया केली म्हटलं की तिला आधी दुसरी बाजू ऐकावीशी वाटते. ठमीला कडेवर घेऊन ती वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांची दारं वाजवत फिरली. कुणी पाणी दिलं, कुणी नुसतंच ठमीला उचलून तिचं वजन अजमावलं. शेवटी जुनी तिकीटवाली भेटली. ती स्वतः तिकीटखिडकीत बसायची आणि तिच्याआधी तिची आई.

“दया?” तिकीटवाली खो-खो हसली. तोंडात दात नव्हते, त्यामुळे हसू थेट घशातून आलं. “बस, सांगते.”

आणि तिने सांगितलं. थेटर मुळात नाटकांचं. मग मुके सिनेमे आले. पडद्याच्या पायथ्याशी वाजवणारे बसायचे, ते असा धुमाकूळ घालायचे की पोर रडलं काय अन् हसलं काय, कुणाला पत्ता नसे. बायका पोरं मांडीवर घेऊन यायच्या, पाजायच्या, बघायच्या. मग पडदा बोलायला लागला. पडदा बोलतो म्हटल्यावर लोक ऐकायला लागले, आणि ऐकणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं पोर खपत नाही. शुक शुक सुरू झालं. मग दारावर पाटी लागली, तान्ह्या मुलांना आत घेणार नाही.

“बरं झालं म्हणाला मालक, कटकट गेली. पण एक आई आली नाही तर एक तिकीट जात नाही, मास्तरीण. तिची जाऊ येत नाही, नणंद येत नाही, शेजारीण येत नाही. अख्खी ओळ जाते. बायकांनी ठरवलंच होतं. दुपारचे खेळ ओस पडले. नट पडद्यावर गातोय आणि खाली खुर्च्या ऐकतायत! मालक पोरांना कंटाळला होता ना, तो खुर्च्यांना जास्त कंटाळला. पाटी काढली. तरी कुणी येईना. माझ्या आईच्या खिडकीपाशी बायका पोरं घेऊन यायच्या, विचारायच्या, पोरांची सोय केली का? नाही? मग राहू दे. आणि परत जायच्या. रोज. तेव्हा कुठे काचा आल्या.”

घरी आल्यावर तिने हे जसंच्या तसं सासूबाईंना सांगितलं.

“म्हणजे इतकी वर्षं त्याच्या तसबिरीची धूळ पुसली ती फुकटच म्हण की,” त्या म्हणाल्या. मग पदर खोचला. “दुधाच्या डब्यांची झाकणं आहेत का गं घरात? आणि तुझं ते नखांना लावायचं लाल कुठाय?”

“कशाला?”

“बिल्ले करायला. त्याने बटण दाबायला बोलावलंय ना मला? दाबते की.”

*

रविवारी दुपारी प्रवेशद्वारापाशी समिती आणि व्यवस्थापक हारतुरे घेऊन उभे होते. बिस्किटवाल्यांची गाडी यायची होती, त्यामुळे सगळ्यांच्या माना रस्त्याकडे. सासूबाई मानाने पुढच्या दारातून आत गेल्या. व्यवस्थापकाने स्वतः त्यांना काचखोलीपर्यंत पोचवलं, बटण दाखवलं, “एकदाच दाबायचं हं मावशी,” असं लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं आणि तो परत धावला.

मागच्या जिन्यावर तेव्हा वेगळाच समारंभ चालला होता. पावभट्टीवाली, दवाखान्यातली नर्स, बसची कंडक्टर, जुळ्यांची आई असलेली शिंपीण आणि आणखी काहीजणी पायऱ्यांवर बसून आपापलं पोर पाजत होत्या. सगळ्यांनी रीतसर तिकिटं काढलेली. दुपारी पोट भरलं की कुठलंही पोर पेंगतं, त्यासाठी कुणाला समिती नेमावी लागत नाही. एकेक पोर मान टाकत गेलं, तसं एकेकीने ते वर नेलं. सासूबाईंनी आणि मास्तरीणबाईने आधीच ते काचेचं टेबल उचलून बाहेर जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. सोफे एकमेकांना तोंड लावून जोडले होते, म्हणजे कडेने कुणी घरंगळायला नको. भट्टीत पाव रचावेत तशी पोरं रचली गेली. प्रत्येकाच्या दुपट्याला लाल नंबराचं एक झाकण, त्याच नंबराचं झाकण आईच्या मुठीत.

ठमीची पाळी शेवटी आली. ती झोपली होती. मास्तरीणबाईने तिला ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं.

“अगं, ठेव की आता. पीठ मळतेस काय तिचं?” सासूबाई कुजबुजल्या.

“ती कुशीवर वळते झोपेत. आणि नाक जरा...”

“तुझा नवरा पण वळायचा. याच खोलीत. आहे ना जिवंत? जा.”

ती गेली. जिन्यावरून उतरताना हात इतके हलके वाटले की कुठे ठेवावेत कळेना. खाली मधल्या ओळीत बसली आणि पहिलं काम केलं ते मान वळवून काचेकडे बघायचं. सासूबाईंची आकृती दिसली, हात झटकून “पुढे बघ” म्हणणारी.

अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. या वास्तूचा वारसा, या वास्तूची परंपरा, या वास्तूचं अमुक आणि तमुक. बिस्किटवाले पहिल्या ओळीत बसून स्वतःच्याच खुर्चीचा हात दाबून बघत होते. मग ठरल्याप्रमाणे अध्यक्ष म्हणाले, “आणि आता, आठवणीदाखल,” आणि पेटीत नंबर पेटला. चार.

टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असतानाच पावभट्टीवाली उठली आणि ओळीतून वाट काढत निघाली. व्यवस्थापकाला वाटलं, बाईला बाहेर जायचं असेल. अध्यक्ष पुढे बोलायला लागले. चार विझला, थोड्या वेळाने दोन पेटला, आणि नर्स उठली. या वेळी टाळ्या नाहीत. सभागृहभर एक शांतता पसरली, जशी घरात ओळखीची पावलं वाजली की पसरते. नर्सच्या ओळीत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी न बोलता गुडघे आत घेतले. त्यांच्या पुढच्यानेही. त्याच्या पुढच्या तरुणाला काही कळेना, पण सगळे घेतायत म्हणून त्यानेही घेतले.

“जा बाई, जा,” मिशा म्हणाल्या. “काही नाही, भाषणच चाललंय.”

हशा पिकला. अध्यक्षांनी कागदाचं एक पान उलटायच्या ऐवजी दोन उलटली.

मग पेटला सात. मास्तरीणबाईच्या मुठीतलं झाकण तळहातात रुतलं. ती उठली कधी, जिना चढली कधी, तिलाच ठाऊक नाही. दार ढकललं तर ठमी सासूबाईंच्या मांडीवर बसून स्वतःच्या पायाचा अंगठा खात होती.

“काय झालं? पडली?”

“काही नाही झालं. डोळा उघडला तिने. तू तिथे बसून श्वास घेत नव्हतीस, इथून दिसत होतं मला. म्हटलं, वर ये, बघून जा.”

मास्तरीणबाईने ठमीला उचलून घेतलं. खाली भाषणं आटोपल्याच्या टाळ्या पडल्या, आणि थोड्याच वेळात दाराबाहेर बुटांचा आवाज आला.

*

व्यवस्थापक पुढे, मागे बिस्किटवाले, त्यांच्या मागे त्यांचे आणखी दोन पाहुणे. व्यवस्थापकाने दार पूर्ण उघडलं आणि तोंडही.

“हे का...”

“शूऽऽऽ!” सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि गंमत अशी, की तो गप्प झाला. झोपलेल्या पोरांच्या खोलीत शिरलेल्या माणसाचा आवाज आपोआपच खाली जातो, तो कितीही मोठा व्यवस्थापक असो. पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं.

“मावशी, हे काय चालवलंय तुम्ही?”

“जे नेहमी चालायचं ते.”

“पाहुणे बसणार कुठे?”

“खाली,” मास्तरीणबाई म्हणाली. “खुर्च्या त्यांनीच दिल्यात ना? छान आहेत. मी आत्ताच बसून आले.”

बिस्किटवाल्यांनी घसा खाकरला. लगेच सोफ्यावर कुणीतरी हललं, तसा त्यांनी रुमाल तोंडावर धरला. “मला सांगितलं होतं, खोली आमची म्हणून,” ते रुमालातून म्हणाले. “दारावर पाटी लागणार होती.”

“पाटी लागणार आहेच. मी लिहिलीय. बिल्ला कसा घ्यायचा, नंबर कसा बघायचा, सगळं त्यात आहे.”

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात,” व्यवस्थापक हात जोडून कुजबुजला. “समितीचा निर्णय आहे हा. तुम्ही तरी समजून घ्या. पोरं उचला आणि रिकामी करा खोली.”

सासूबाई सोफ्यापासून बाजूला सरकल्या. वाट करून दिली.

“उचला की. आम्ही कुठे अडवलंय? या, सुरुवात याच्यापासून करा. हा शिंपिणीच्या जुळ्यांतला थोरला. हा उठला की धाकटा उठतो. धाकट्याचा आवाज पार आतल्या मेकअपच्या खोलीपर्यंत जातो. मग ही सगळी उठतात. आणि मग खाली तुमचं नाटक सुरू करा.”

व्यवस्थापकाने हात पुढे केला. खरंच केला. थोरल्याने झोपेतच ओठ मुडपले, भुवया एकत्र आणल्या, आणि व्यवस्थापकाचा हात तव्यावर टेकल्यासारखा मागे आला. बिस्किटवाले दोन पावलं आधीच मागे गेले होते.

बाहेर तिसरी घंटा झाली.

“नाटक सुरू होतंय,” मास्तरीणबाई म्हणाली. “चुकेल तुमचं.”

पाहुणे चवड्यांवर चालत जिना उतरले. ठमीचे डोळे पुन्हा मिटायला लागले होते. मास्तरीणबाईने तिला सासूबाईंच्या खांद्यावर दिलं आणि या खेपेला वळून न बघता खाली गेली. ओळीतल्या लोकांनी गुडघे आत घेतले. शेजारणीला तिने विचारलं, “काय झालं मधे?”

“पडदा वर गेला. नवरा बाहेरगावी निघालाय आणि बायको खूश दिसतेय,” शेजारीण म्हणाली.

नाटक चांगलं होतं की वाईट, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण तिने ते बघितलं. मधे पेटी पाच-सहा वेळा उजळली. नटांनी सुरुवातीला तिकडे डोळे फिरवले, दुसऱ्या अंकात तेही सरावले.

*

प्रयोग सुटल्यावर व्हरांड्यात गर्दी झाली. आया पोरं घेऊन जिन्यावरून उतरत होत्या. आता पोरं टक्क जागी होती. लोक थांबून त्यांच्याकडे बघत होते, कुणी गाल ओढत होतं. व्यवस्थापक गर्दी चिरत आला. आता त्याला कुजबुजायचं कारण नव्हतं.

“आज झालं ते झालं! पुढच्या प्रयोगाला त्या खोलीला कुलूप असेल. समितीने मला आत्ताच सांगितलंय. आणि तो इतिहास आम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ.”

सासूबाईंनी तोंड उघडलं, पण मास्तरीणबाई त्यांच्या पुढे झाली.

“इतिहास लिहा कुणाकडूनही. पण त्यातली एक गोष्ट मी आत्ताच सांगते. या थेटरने एकदा पोरांना बाहेर काढलं होतं. तेव्हा बायका यायच्या बंद झाल्या. आम्ही तसं नाही करणार.”

“मग काय करणार?”

“येणार. तुम्ही कुलूप लावा. आम्ही तिकिटं काढू, पोरं मांडीवर घेऊ आणि बिस्किटवाल्यांच्या खुर्च्यांत बसू. पहिल्या ओळीपासून. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे ती झोपलेली नसतील.”

आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले होते. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, घरी जायची त्यांना काही घाई दिसत नव्हती. व्यवस्थापकाने समितीच्या लोकांकडे बघितलं. समितीचे लोक छताचं नवीन रंगकाम बघत होते.

त्याच वेळी सासूबाईंच्या खांद्यावरून ठमीला आई दिसली. तिने दोन्ही हात पुढे टाकले, छाती भरून श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की व्हरांड्याच्या टोकापर्यंतची माणसं वळली. व्यवस्थापकाने कानावर हात नेला. मास्तरीणबाईने मुलीला घेतलं, तिचं तोंड व्यवस्थापकाकडे केलं, आणि गप्प केलं नाही.